घर मोकळं, किस्से भरपूर

आमच्या धंद्याची गंमत अशी की आम्ही लोकांची घरं रिकामी करतो आणि किस्से मात्र आमच्याकडे साठत जातात. अलिबागला माझं छोटंसं ऑफिस आहे. इंटिरिअरची कामं घेते. कमी सामान आणि पर्यावरणाला त्रास न देणाऱ्या वस्तू, एवढाच माझा हट्ट. आता एका फ्लॅटनेच मला किती किस्से दिले ते ऐका.

फ्लॅट प्रणाली आणि निलेशचा. ती शाळेत शिक्षिका, तो बँकेत. पहिल्याच भेटीत प्रणालीने मला फोनमधले फोटो दाखवले. मोकळ्या भिंती, बांबू, चुन्याचा रंग. निलेशने फोटोंकडे पाहिलंही नाही. निघताना म्हणाला, "मॅडम, डिझाइन तुम्ही दोघी ठरवा. फक्त आई राहायला आली पाहिजे. रेवदंड्याला एकटीच असते. बोलावलं की येते आणि संध्याकाळच्या रिक्षाने परत जाते."

झालं. त्या दिवसापासून माझं खरं गिऱ्हाईक त्याची आई होती.

*

पहिलं काम, नको ते बाहेर काढणं. माळ्यावरून लग्नात भेट आलेली भिंतीवरची घड्याळं निघाली. एवढी, की दोघं एकमेकांकडे बघायला लागले. फेकायचं तर प्रणालीच्या तत्त्वात बसत नाही. निलेशने एक घड्याळ पुसलं, कागदात गुंडाळलं आणि किहीमच्या चुलतभावाच्या वास्तुशांतीला नेऊन दिलं.

भावाने कागद उघडला आणि घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं. "अरे, हे आम्हीच दिलेलं तुला."

निलेश म्हणाला, "हो, पण सेल नवीन टाकलाय."

*

आमचे सुतार युसुफभाई. तळा गावात एक जुनं घर पाडलं जात होतं, तिथले सागवानी दरवाजे मी टेबलासाठी आणले. जुन्या लाकडावर खिळ्यांची भोकं असतात, बिजागऱ्यांचे डाग असतात. मला तेच हवं होतं. दुपारी साइटवर गेले तर टेबल आरशासारखं चकाकत होतं.

"एक भोक ठेवलं नाही मॅडम," युसुफभाई खूश.

मी म्हटलं, "युसुफभाई, भोकं दिसायला हवी होती हो."

त्यांनी टेबलावरून एकदा हात फिरवला. मग शांतपणे म्हणाले, "लोक मला जुनं लपवायला बोलावतात. दाखवायला बोलावणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

आणि पॉलिश पेपर घेऊन बसले घासायला.

*

काम संपलं. प्रणालीच्या शाळेतल्या मैत्रिणी घर बघायला आल्या. हॉलभर फिरल्या, चहा प्यायल्या आणि प्रत्येकीने जाताना हळूच विचारलं, "सामान कधी येणार?"

प्रणाली पहिल्यांदा समजावून सांगत होती. कमी वस्तू, मोकळा श्वास वगैरे. शेवटी तिचा धीर सुटला. "येतंय," ती म्हणाली, "ट्रक नागोठण्याला अडकलाय."

*

मग आई आल्या. मी मुद्दाम हजर होते. हॉलमध्ये मी जमिनीलगतची बैठक केली होती, काथ्याच्या गाद्यांची. मला तिचा फार अभिमान होता.

आईंनी बैठकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी बसंन गो," त्या म्हणाल्या, "पन उठवनार कोन?"

त्या चहा उभ्यानेच प्यायल्या. संध्याकाळच्या रिक्षाने परत गेल्या. निलेश त्यांना सोडून वर आला आणि बूट न काढता दारातच थांबला. मला इतकं वाईट वाटलं! लोकांची गुडघेदुखी विसरून घर कसलं करते मी? दुसऱ्या दिवशी युसुफभाईंनी बैठकीला पाय लावले.

*

मे महिन्याच्या शेवटी मी फोटो काढायला गेले. फोटोग्राफरही बरोबर होता. या घरातली माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे बाल्कनीजवळचं बांबूच्या जाळीचं कपाट. चादरींसाठी केलेलं. आतून वारा खेळता राहतो, पावसाळ्यात बुरशी धरत नाही. पहिला फोटो त्याचाच घ्यायचा होता.

आत शिरले तर प्रणाली चादरींचा ढीग हातात घेऊन उभी. कपाटासमोर आई. खालच्या फळीवर सुक्या मासळीचा साठा, सोड्यांचा डबा, जवळ्याची पिशवी. वरच्या दांडीला त्या सुक्या बोंबलांच्या जुड्या टांगत होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्ये बरं क्येलंस. हवा लागते."

सगळ्या घरात बोंबलांचा वास. प्रणालीने नाकाला पदर लावला नव्हता, एवढं मी पाहिलं.

फोटोग्राफर बिचारा कॅमेरा लावून ताटकळला होता. शेवटी त्याने विचारलं, "मॅडम, फोटोपुरते ते बोंबील काढू का?"

मी काही बोलायच्या आत निलेश आतल्या खोलीतून पुढे आला आणि कपाटाला पाठ लावून उभा राहिला.

"हात लावू नका," तो म्हणाला. "आईने पावसाळ्याच्या चार महिन्यांचे आणलेत."