यादीतलं नववं नाव

पाथरवटाचा हात थडग्यांच्या पाट्यांवर असा बसला होता, की बाजारात कुणी नवं नाव सांगितलं तरी त्याची बोटं मांडीवर अक्षरं मोजायची. बायको गेल्यापासून घरात आवाज करणारी छिन्नी तेवढी उरली होती, आणि तीही एकसुरी.

महायुद्धात एक परकं शहर शत्रूच्या तावडीतून सोडवताना गावचे अकरा जवान पडले होते. चाळीस वर्षांनी का होईना, नगरपालिकेला जाग आली. त्यांच्या नावांची स्मारकशिळा कोरायचं काम पाथरवटाला मिळालं. यादीत नववं नाव त्याचं स्वतःचं होतं.

ही करामत धाकट्या भावाची. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा त्यानं दादाचा जन्मदाखला पळवला आणि दादाच्या नावावर भरती झाला. चुलीपाशी चिठ्ठी ठेवली होती : "दादा, तुला दाखला कशाला? तू जन्मलायस हे दिसतंच आहे."

पाथरवट कारकुनाकडे गेला. "साहेब, हे नाव बदला. हा मी. मेला तो माझा भाऊ."

कारकुनानं चष्मा कपाळावर ढकलला. "काय आहे ना काका, तुम्ही लेखी द्या. मग लष्कर चौकशी करणार. मग काय आहे ना, खोट्या कागदावर भरती झाला म्हणून तुमचा भाऊ यादीतूनच उडणार. दहाच राहतील."

"आणि नाही दिलं तर?"

"तर काय आहे ना, तुम्ही शहीद."

आठ नावं दोन दिवसांत झाली. नवव्याला तीन दिवस लागले. हात धाकट्याच्या नावाच्या अक्षरांकडे वळायचा, पाथरवट तो आवरायचा. खोडलेल्या जागेपेक्षा चुकीचं नाव बरं, असं म्हणत त्यानं स्वतःचंच नाव कोरलं.

अनावरणाला लष्करी अधिकारी एकेक नाव पुकारत होते, आणि त्या त्या घरची माणसं उभी राहत होती. कुठं पाच, कुठं सात. नववं नाव आलं. कुणीच उठेना.

मग पाथरवट उठला. एकटाच.

"आपण यांचे कोण?" अधिकाऱ्यांनी ध्वनिक्षेपक त्याच्यापुढे धरला.

"थोरला भाऊ."

"आणि आपलं नाव?"

पाथरवटानं धाकट्याचं नाव सांगितलं.

कारकुनानं मान वर करून पाहिलं, मग नातेवाइकांच्या वहीत ते निमूट लिहून घेतलं. चाळीस वर्षं कुणी मोठ्यानं न घेतलेलं नाव मैदानभर घुमलं. पाथरवट बसला. शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढे दहावं नाव पुकारलं गेलं.