उजव्या खांद्यावरचा डाग

आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या घरात बेल वाजली की दार उघडायच्या आधी हात ओढणीकडे जातो. दूधवाला असो नाहीतर कुरिअरवाला, गाऊनवर ओढणी पाहिजेच. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांमुळे धड चालता येत नाही, पण ओढणी कशी झटकन घेतात. आधी मला त्यांचा राग यायचा. मग माझाही हात आपोआप जायला लागला, आणि तेव्हा स्वतःचा जास्त राग आला.

त्या रागातच विजय नगरच्या चित्रकलेच्या क्लासला नाव घातलं. सर म्हणायचे, "दीदी, पहले शरीर बनाइए, कपडा बाद में." बरोबर आहे हो, पण शरीर बघू कुणाचं? चित्रासाठी बसणारी बाई मला इथं कोण देणार? मग आईंची, म्हणजे सासूबाईंची, पाठ आठवली. दर रविवारी मी त्यांना तेल लावून देते. मानेखालचा बाक, पोलक्याच्या शिवणीचे वळ, लहानपणी उकळतं पाणी सांडून खांद्यावर पडलेला डाग, सगळं माझ्या हाताच्या ओळखीचं. बाकीचं स्वतःवरून काढायचं ठरवलं. खोलीला कडी लावली, माझ्या उजव्या खांद्यावर काजळानं डागाची खूण केली, आणि मान वळवून कपाटाच्या आरशात बघत बघत कोळशानं चित्र पुरं केलं. चित्रात कपडे मात्र चढवलेच नाहीत. ती पाठ झाकायला मन होईना.

सरांनी तेच चित्र क्लासच्या प्रदर्शनासाठी मागितलं आणि माझी तंतरली. आईंची उघडी पाठ त्यांना न विचारता गावाला दाखवायची? आणि विचारायचं तरी कोणत्या तोंडानं? नवरा म्हणाला, "काहून नसत्या भानगडीत पडून राहिली तू?" मी चित्र गादीखाली ढकललं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी गाद्यांना ऊन दाखवायची आईंची शिस्त, हे मी साफ विसरले. सदर बाजारातून वाण घेऊन परत आले तर गाद्या गच्चीवर आणि चित्र माझ्या टेबलावर, वरून वर्तमानपत्र झाकलेलं.

आई हळदीकुंकवाला आलेल्या बायकांशी हसून बोलल्या, माझ्याशी नाही. मी एरवी फटकळ, पण तीन दिवस घरात माझा आवाज नव्हता. त्या नको म्हणाल्या तर चित्र फाडायचं आणि क्लासही सोडायचा, असं मी ठरवून टाकलं होतं.

रविवारी तेलाची वाटी घेऊन गेले. त्या नेहमीसारख्या पाठमोऱ्या बसल्या.

"ते चित्र माझंच आहे ना वं?"

"हो. फाडून टाकते, आई."

"काहून फाडते? पण चुकली तू. माझा डाग उजव्या खांद्यावर आहे, तू डाव्यावर दाखवला."

माझा तेलाचा हात थांबला. आरशात उजव्याचं डावं होतं, हे लहान पोरीलाही कळतं. मला कळलं नव्हतं.

"मी माझी पाठ कधी पाहिलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "तू कामात असली की तुझ्या टेबलापाशी जाऊन पाहून राहिली. लग्नात या डागापायी माझ्या आईनं गळ्यापर्यंत पोलकं शिवलं होतं, भर मे महिन्यात. कोणाला दिसू नये म्हणून. दुखलं का, ते कोणीच विचारलं नाही." मग म्हणाल्या, "दाखव लोकांना. पण डाग जिथला तिथं पाहिजे."

मला रडू आलं, आणि हसूही. हात पुसून नवा कागद घेतला. आई भिंतीकडे तोंड करून ताठ बसायला गेल्या, मी म्हटलं, नेहमीसारख्याच बसा.

खांदा अर्धा झाला होता तेव्हा बेल वाजली. माझा हात ओढणीकडे गेला. आई जागच्या हलल्या नाहीत.

"थांबू दे जो असेल तो," त्या म्हणाल्या. "तू आधी खांदा पुरा कर."