इथे रेघ तोड

सुषमावहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या टेबलावर अविनाशदादाचाच नकाशा होता. पेन्सिलीचं काम संपलं होतं, शाई भरायची राहिली होती. "मंजिरी, हे गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या. मी हो म्हणाले, फोन ठेवला आणि पेन्सिलीला टोक करत बसले. अशा वेळी माणूस काय करेल याचा काही नेम नसतो.

अविनाशदादा माझ्या थोरल्या भावाचा वर्गमित्र. बँकेत नोकरी, कोथरूडला घर आणि उरलेलं सगळं आयुष्य डोंगरात. शनिवारी दुपारी पाठीवर सॅक चढवून निघायचा, तो रविवारी संध्याकाळी चिखलाने माखून परत. या भटकंतीवरचे त्याचे लेख आपण याच पुरवणीत वाचले असतील. पुढे त्यांची पुस्तकं झाली आणि त्यातले नकाशे माझ्याकडे आले. मी चित्रकलेची शिक्षिका. चढ म्हणजे कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीचा जिना, तोही लिफ्ट बंद असेल तर. दादा सोमवारी संध्याकाळी यायचा, चहा घेत डोळे मिटून वाट सांगायचा आणि मी ती कागदावर उतरवायची. बशीत खारीचे तुकडे मांडून तो मला खिंड दाखवायचा. "आता डावीकडे कातळ, उजवीकडे दरी... घाबरू नकोस, वाट रुंद आहे," असं म्हणायचा, जणू मी खरंच त्याच्या मागून चालते आहे. आणि मग मध्येच कुठेतरी डोळे उघडून म्हणायचा, "इथे रेघ तोड."

मी तोडायची. बोटभर जागा कोरी राहायची आणि रेघ पुढे पुन्हा सुरू व्हायची. वाचक वैतागायचे. हडपसरच्या एका गृहस्थांनी एकदा फोन करून नकाशा अर्धवट असल्याची तक्रार केली. दादा शांतपणे म्हणाला, "आपण तिथवर पोहोचलात का? नाही? मग अडलंय कुठे? पोहोचलात की गावात विचारा. गावाला तोंड आहे."

ही त्याची खोड पहिल्यापासूनची नव्हती. पहिल्या पुस्तकात त्याने एका गडाची अख्खी वाट लिहिली होती, खुणेच्या झाडांसकट. गडाचं नाव इथे देत नाही, त्याला ते आवडलं नसतं. वर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं आणि उन्हाळ्यात खालच्या वाडीला पिण्यासाठी तेवढंच पाणी. हौसाबाई नावाच्या बाईंनी त्याला त्या पाण्याचा तांब्या भरून दिला होता, त्याबद्दलही त्याने फार प्रेमाने लिहिलं होतं. पुढे तो पुन्हा गेला तेव्हा टाक्यात साबणाचा फेस आणि चिप्सची रिकामी पाकिटं तरंगत होती. हौसाबाई रागावल्या नाहीत. "तुमचंच पुस्तक घिऊन येत्यात समदी," त्या म्हणाल्या. "वाट बी इचारत न्हाईत. सरळ वर जात्यात."

त्या सोमवारी त्याने खारीला हात लावला नाही. बशी बाजूला सारून म्हणाला, "वाट विचारणारा माणूस आधी ओट्यावर टेकतो गं. पाणी मागतो. मग त्या पाण्याची त्याला लाज असते. मी ते विचारणंच काढून टाकलं." हे त्याला शेवटपर्यंत लागून राहिलं. दुसऱ्या आवृत्तीत तो नकाशा आम्ही बदलला, पण पहिली आवृत्ती घराघरात गेली होती आणि ती काही परत येणार नव्हती.

दर हिवाळ्यात तो मला म्हणायचा, "चल ना एकदा. कोऱ्या जागेत काय आहे ते बघून तरी घे." कधी मुलाची बारावी आली, कधी सासूबाईंचं दुखणं, मग माझे गुडघे. मी पुढच्या वर्षावर टाकायची आणि तोही हट्ट धरायचा नाही. गड काय कुठे पळून जात नाही, म्हणायचा. खरंच, गड कुठेही गेला नाही.

शेवटची भेट रुग्णालयात झाली, दुपारी. नव्या पुस्तकातला एकच नकाशा राहिला होता. नाकात नळी, आवाज खोल गेलेला, चादरीवर फक्त बोटं हलत होती. तरी त्याने वाट सांगायला घेतली... गाव, शेवटचं घर, ओढा, कारवीचं रान, मग अंगावर येणारा चढ. मी पेन्सिल टेकवून त्या तीन शब्दांची वाट बघत होते. ते आलेच नाहीत. तो न थांबता थेट माथ्यावर पोहोचला. म्हणाला, "आलो. वारा आहे इथे... बस जरा." आणि त्याचा डोळा लागला. कुठे तोडू, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. सोमवारी विचारू म्हणून मी कागद गुंडाळला आणि घरी आले.

प्रकाशकांना नकाशा हवा होता. मी वहिनींना विचारलं, औषधांच्या गुंगीत तो विसरला असेल का. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे दूध आणायला विसरायचे. वाट नाही." थोड्या वेळाने त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "ही पुस्तकाला सांगितलीच नसेल. तुला सांगितली असेल." मला तिथे रडू आवरलं नाही.

छापायच्या नकाशात मी शेवटच्या घरापाशी रेघ तोडली, पहिल्यांदाच कुणी न सांगता. पेन्सिलीचा मूळ कागद मात्र दिला नाही. तो टेबलावरच्या काचेखाली आहे. सोमवारी संध्याकाळी मी अजून खारी आणते आणि चहा निवेपर्यंत त्या रेघेवरून बोट फिरवत बसते. गाव, घर, ओढा, रान, माथा... कुठेही तुटत नाही. अख्खी वाट माझ्याकडे आहे. चल ना एकदा, म्हणणारं तेवढं कुणी नाही.