ओरडली नाही म्हणून

मी तापट माणूस. आता हातात जोर उरलेला नाही, म्हणून लोक मला शांत समजतात. एकोणीसशे तीसच्या आगेमागे रत्नागिरीत आमच्या पडवीत कुणी बसला असता तर त्याला खरं काय ते कळलं असतं. आम्ही हाडं बसवणारे. माडावरून पडलेला, बैलानं उडवलेला, होडी ओढताना खांदा निखळलेला, असा रोज कुणीतरी आमच्या बाकावर आडवा असायचा. दोघांनी त्याला धरायचं आणि मी ओढायचं. बाकाच्या कडेवर दातांच्या खुणा होत्या. मला त्या खुणांचा अभिमान वाटे, आता सांगताना लाज वाटते.

वडिलांनी मरण्याआधी मला एक नियम घालून दिला होता. दुखऱ्या जागी अंगठा दाबायचा. किंचाळला तर हाड मोडलंय, शिव्या घातल्या तर लचकलंय, गप्प राहिला तर ढोंग करतोय. हा नियम मी देवासारखा पाळला. त्यात माझी स्वतःची भर होती: मुंबईहून रजेवर आलेल्याचं दुखणं निम्मं धरायचं, आणि भातलावणीच्या दिवसांत सुनांचं दुखणं धरायचंच नाही.

त्या वर्षी ऐन लावणीत आतल्या गावातली एक म्हातारी सुनेला घेऊन आली. सून असेल विशीची. उजवा हात कोपराच्या वर सुजून काळानिळा झालेला, तो तिनं डाव्या हातानं पोटाशी धरला होता. आमची रीत अशी की बाईमाणसाला काय झालं ते तिला विचारायचं नाही, जो घेऊन येईल त्याला विचारायचं. मी म्हातारीला विचारलं.

"बांधावरनं पडली," म्हातारी म्हणाली. "काय नाय झालेलां तिला. लावणी आली की हिचां हे असांच."

मी अंगठा दाबला. पोरीनं उजव्या हाताच्या बोटांनी पदराचं टोक चिमटीत धरलं, डोळे मिटले आणि गप्प राहिली. अजून जोरात दाबला. तरी गप्प. माझं डोकं फिरलं. पडवीत सहा-सात माणसं खोळंबली होती, आणि ही माझ्यापुढे नाटक करतेय! नाटक उतरवायला मी तिला बाकावर आडवी केली, काखेत टाच रोवली, मनगट दोन्ही हातांत धरलं आणि सगळं अंग मागे टाकून हिसका दिला.

आत करकर वाजलं. मी ते नुसतं सांध्याचं वाजणं धरलं. पोरीच्या खालच्या ओठातून रक्त आलं, पण तोंडातून आवाज नाही. हात सोडला तर तिचं मनगट लुळं पडलं, पंजा खाली लोंबायला लागला. थोड्याच वेळापूर्वी त्याच बोटांनी तिनं पदर धरला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला वाटलं, मुद्दाम सोडलाय.

"उचल गो!" मी ओरडलो आणि पंज्यावर फटका मारला. उचलला नाही. दुसरा मारला. बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं.

"हाड शाबूत आहे," मी म्हातारीला सांगितलं. "ढोंग आहे सगळं. उद्यापासून शेतात उतरवा."

महिनाभरानं तिचा भाऊ तिला घेऊन आला. पायरी चढून आला तो सरळ माझ्या अंगावर. काही बोलायच्या आत त्यानं माझ्या तोंडावर बुक्का मारला. माझे पुढचे दोन दात गेले. मी त्याचा गळा धरला, त्यानं मला खांबावर आपटलं, आणि लोकांनी आम्हाला ओढून वेगळं केलं.

"बघ हा तुझा शाबूत हात!" तो थुंकत म्हणाला.

दंड मधेच वाकलेला होता. हाड तिरकं सांधत आलं होतं. पंजा तसाच लोंबत होता, बोटं वर उचलत नव्हती. मोडलेल्या हाडाची टोकं मी ओढून एकमेकांवर घासली होती आणि मधली शीर त्यात गेली होती, हे माझं मला तेव्हाच कळलं. नवऱ्यानं मुसळ घातलं होतं, हे भावानं सांगितलं. आणि हात शाबूत असल्याचं मी सांगितल्यावर, ढोंग करते म्हणून आणखी दोनदा.

मला तिचाच राग आला. खरंच आला, खोटं कशाला सांगू. "तेव्हा बोलली का नाहीस?" मी तिच्यावर खेकसलो.

पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी इचारलात कुटं? सासूला इचारलात."

"ओरडायचं तरी!"

"आवाज काढला की दुसरा तडाका बसतो," ती म्हणाली. "गप ऱ्हायला पयल्या वर्षीच शिकले मी." मग हळूच विचारलं, "कापणीला इळा धरता येल का? नाय तर तो दुसरी आणणार हाय."

मी येईल म्हणालो. तेल चोळलं, बांबूच्या कामट्या बांधल्या, दर आठ दिवसांनी त्यांच्या गावी चालत गेलो. या वेळी ओढलं काहीच नाही. तेवढ्यानं मेलेली शीर जिवंत होत नाही, हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी तिला येईल, येईल म्हणत राहिलो. कापणी आली. विळा तिच्या बोटांत राहिना. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला भावाच्या दारात सोडलं.

पुढे भाऊ एकदा बाजारात भेटला. हात उगारला नाही त्यानं. म्हणाला, "तिचा नवरा गावभर सांगत फिरतो, हात काय मी मोडला नाय, वैद्यानं मोडला."

मी त्याला खोटं म्हणू शकलो नाही.