फाटक उघडणारे भाऊजी

"जा बेटी, मैंने कुछ नहीं देखा!"

हे म्हणण्याआधी भाऊजी एक काल्पनिक काठी डाव्या काखेत मारायचे, उजव्या हाताने हवेतली कडी सरकवायचे आणि मान फिरवून डोळे मिटून घ्यायचे. एवढं सगळं झालं की मग वाक्य. ऐकणारा कोणीही चालायचा. दुधाच्या बूथवर रांगेत मध्येच घुसणारे शेजारी, मिनिस्ट्रीत उशिरा येणारी स्टेनो, किंवा डायबेटिस असताना आमच्याच घरात चोरून गुलाबजाम उचलणारा माझा नवरा. ही नव्वद किलोची बेटी ओशाळून गुलाबजाम परत ठेवायला जाई, तर भाऊजी डोळे मिटलेलेच ठेवून म्हणत, "खा खा. चौकीदार बोलला म्हणजे बोलला."

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात ते आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये राहायचे. मूळचे नागपूरचे, एका मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर. नागपूरहून फोन आला की जिन्यापर्यंत त्यांचा खणखणीत 'जयभीम' ऐकू यायचा आणि मग तासभर हसणं. माझा नवराही सरकारी नोकरीतला, म्हणून ते त्याचे मित्र, म्हणून मी वहिनी आणि ते भाऊजी.

दिल्लीच्या मराठी मंडळींत नाटकाचं वेड असलेला एक तरी माणूस असतोच. आमच्याकडे तो म्हणजे भाऊजी. एकदा काय झालं, एका हिंदी सिनेमाचं शूटिंग दिल्लीतल्या एका बंगल्यावर चाललं होतं आणि ऐनवेळी चौकीदाराचं काम करणारा नट आलाच नाही. कोणीतरी आमच्या मराठी मंडळात फोन केला, "चौकीदार दिसेल असा माणूस आहे का?" सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. दुसरा कोणी असता तर चिडला असता. हे म्हणाले, "दिसेल काय, होऊनच दाखवतो."

त्यांचा सीन असा. एका मुलीचं लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरलेलं आहे. पहाटे ती चपला हातात घेऊन बंगल्याच्या फाटकापर्यंत येते. फाटकावर चौकीदार. कोणालाही बाहेर सोडायचं नाही, असा त्याला हुकूम. तो तिच्याकडे बघतो, तिच्या अनवाणी पायांकडे बघतो. काठी काखेत मारतो, कडी काढतो आणि ते वाक्य बोलून पाठ फिरवतो. झालं. पडद्यावर मिनिटभरही नाही. पण भाऊजींच्या तोंडून ऐकताना चहाचे दोन कप लागत.

मी एकदा खोडसाळपणे म्हटलं, "भाऊजी, एवढ्याशा कामाचं एवढं काय हो?"

ते चक्क गंभीर झाले. "वहिनी, त्या सिनेमात सगळे कोणाच्या तरी सांगण्यावरून वागतात. हीरो मित्राच्या, व्हिलन बापाच्या, पोरगी बिचारी सगळ्यांच्याच. एकटा चौकीदार कोणाला विचारत नाही." मग आवाज उतरला. "फायलीवर मी आजवर एक ओळ स्वतःच्या मनानं लिहिलेली नाही. वरून आदेश आला, खाली पाठवला. नोकरीच तशी. पण ते फाटक मी उघडलंय."

मी तिसरा कप केला.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती उगवत होत्या आणि त्या काचांत समोरच्या म्हशी दिसत होत्या. अशाच एका इमारतीत आमची कंपनी मोबाइलवरचे गेम बनवायची. रंगीत पडद्याचे फोन नुकते लोकांच्या खिशात आले होते, आणि सिनेमा निघाला की त्याचा गेमही काढायची फॅशन होती. गेममध्ये पडद्यावर ज्या हिंदी सूचना येतात, त्या लिहायचं माझं काम.

सिनेमाचा गेम होताना त्याचं काय काय होतं, हे मी फार जवळून पाहिलंय. एका सिनेमात रुसलेला बाप शेवटी मुलाला मिठी मारतो. थिएटरात लोक हुंदके देत होते. आमच्या गेममध्ये तोच बाप दर मजल्यावर उभा असायचा आणि त्याला शिवलं की मुलाची ताकद वाढायची. दुसऱ्या एका सिनेमात नायिका मरते. आमच्याकडेही मरायची, पण तीनदा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. गाणी गेली, रडणं गेलं, पश्चात्ताप तर पहिल्याच मीटिंगमध्ये गेला. आमचा टीम लीड चंदीगडचा, मोठा गोड मुलगा. मी कुरकुरले की हात जोडून म्हणायचा, "मैडम, रोना कौन खेलेगा?"

तर भाऊजींच्या सिनेमातली ती मुलगी पुढे मोठी नटी झाली आणि त्या जुन्या सिनेमाचा गेम काढायचं काम आमच्याच कंपनीकडे आलं. मला राहवेना. मी मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं, "इसका चौकीदार मेरे घर के ऊपर रहता है!"

लीड उडालाच. "ले आओ मैडम! फोटो खींच लेंगे."

भाऊजी आले. ऑफिसच्या कॅबमध्ये माझ्या शेजारी, मांडीवर इस्त्री केलेला खाकी गणवेश. मंडळाच्या नाटकाच्या ट्रंकेतून काढलेला. पांढऱ्या पडद्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी जो काही सोहळा केला म्हणता! करुण झाला, अद्भुत झाला, वात्सल्य झालं. काठी काखेत मारून फाटकही उघडून झालं. आमची पोरं कामं सोडून गोळा झाली.

"सर, थोड़ा गुस्सा?" लीड म्हणाला.

"गुस्सा? लो!" भाऊजींनी डोळे वटारले, दात दाखवले, काठी डोक्यावर उगारली. टाळ्या पडल्या. "आणखी देऊ?" त्यांनी विचारलं. आणखी दिला.

त्या फोनांत जागा इतकी कमी असायची की गेममधल्या एका माणसाच्या वाट्याला एकच चेहरा यायचा.

गेम निघाला. भाऊजींनी त्यासाठी नवा फोन घेतला आणि रविवारी गच्चीवर उन्हात सगळ्या ब्लॉकला बोलावलं. सतरंज्या, शेंगा, गजक, रेवड्या. माझ्या वाट्याला आलेल्या टप्प्यांच्या सूचना मी कागदावर लिहून दिल्या होत्या, पण तयार झालेला गेम मीही पाहिला नव्हता. नेहमीप्रमाणे सूत्रसंचालन माझ्याकडे. मी रेवडीचा डबा माइकसारखा धरून गर्जना केली, "लक्ष्मीबाई नगरचा लाडका चौकीदार, आता तुमच्या मुठीत!"

फोन पहिल्यांदा शेजारच्या मिश्राजींच्या हातात गेला. पडद्यावर बंगला आला, चपला हातात घेतलेली ती मुलगी आली. बंगल्याचं फाटक आलं. आणि फाटकासमोर भाऊजी. डोळे वटारलेले, दात दाखवणारे, काठी उगारलेले.

"अरे, ये तो मार रहा है!" मिश्राजी ओरडले आणि त्यांनी बटणं दाबायला सुरुवात केली. मुलीने चपलेने एक हाणली. दुसरी हाणली. तिसरीला भाऊजी आडवे झाले, त्यांच्या अंगातून किल्ली उडाली, मुलीने ती उचलली आणि फाटक उघडलं.

गच्ची हसून हसून लोटपोट झाली. मीही हसले. खोटं कशाला बोलू, तो चपलेचा आवाज फारच छान जमला होता. सगळ्यांत मोठ्याने भाऊजी हसले. "वा! काय पडलोय! पुन्हा दाखवा!" फोन हातोहात फिरला. ब्लॉकमधल्या प्रत्येकाने त्यांना चपलेने मारलं. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे ताईंच्या हातात फोन आला तेव्हा त्यांनी तो न खेळता पुढे दिला.

शेवटी फोन भाऊजींकडे परत आला. त्यांनी मुलीला फाटकापाशी नेलं आणि थांबवलं. बटणावरून बोट उचललं. पडद्यावरच्या चौकीदाराने काठी घातली, मुलगी पडली. त्यांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा फाटकापाशी थांबले. पुन्हा काठी.

"भाईसाहब, बटन दबाइए ना!" मिश्राजी म्हणाले.

"एक मिनट," भाऊजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, मराठीत, अगदी हळू, "वहिनी, हा उघडतो केव्हा?"

मी म्हटलं, "नाही उघडत भाऊजी. मारावंच लागतं."

"अच्छा," ते म्हणाले. "अच्छा." आणि परत त्यांनी मुलीला फाटकापाशी नेऊन उभं केलं. ती पडत राहिली. हळूहळू हसू थांबलं. कोणीतरी शेंगांची टरफलं गोळा करायला लागलं. मिश्राजी स्वतःच्या हातांकडे बघत होते. माझ्या हातात रेवडीचा डबा अजून माइकसारखाच होता, तो कुठे ठेवावा मला कळेना.

दुसऱ्या दिवसापासून मिनिस्ट्रीतही सुरू झालं. "सर, आज लंच में आपको बहुत पीटा!" भाऊजी हसून मान डोलवायचे. माझा नवरा त्यांच्यासोबत बसने परत यायचा, तो सांगायचा, हसू बसस्टॉपपर्यंत टिकतं, पुढे नाही.

आठवड्याने ते खाली आले. सोफ्याच्या कडेवर बसले. "त्यांचं काही चुकलं नाही वहिनी. तो चेहरा मीच दिला. मागितला थोडा, मी दिला भरपूर. टाळ्या पडत होत्या ना." त्यांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. "माझी आई नागपूरला शेजारच्या पोरांना तो सिनेमा दाखवून सांगायची, माझा लेक बघा, फाटक उघडतो. आता तीच पोरं तिला फोन दाखवतात. तिनं मला विचारलं, बाबू, तू पोरीला मारलंस का रे?"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, वरून आदेश होता."

मी दुसऱ्या दिवशी लीडकडे गेले. सगळं सांगितलं. तो मनापासून ऐकत होता, डोळ्यांत पाणीही आलं त्याच्या. पण म्हणाला, "मैडम, गेट अपने आप खुल जाए तो खेलने वाला क्या करेगा?" मुलीने यावं, एका माणसाने तिच्या पायांकडे बघावं आणि त्याचं मन पालटावं. यात दाबायला बटण कुठलं? आणि तसंही गेम हजारो फोनांत गेला होता, तिथून तो परत कोण बोलावणार?

वर जाऊन मी भाऊजींना सांगितलं, जमत नाही. त्यांनी अधिकाऱ्यासारखी मान हलवली. "नियमात बसत नसेल," म्हणाले, आणि मलाच चहा दिला.

गेमचं आयुष्य ते किती! काही महिन्यांत लोक विसरले. फोन बदलले, मिश्राजींची बदली झाली, आमच्या कंपनीने तर बंदच पडून दाखवलं. भाऊजी मात्र आता दुधाच्या रांगेत गुपचूप उभे राहायचे. मध्ये कोणी घुसलं तर एक पाऊल मागे सरकून जागा द्यायचे. मी दोनचारदा त्यांना चिथावलं, माझ्या नवऱ्याच्या वाटीत त्यांच्यादेखत गुलाबजाम घातला. ते म्हणाले, "साखर वाढेल हो त्यांची."

पुढे निवृत्त होऊन ते नागपूरला गेले. आता सणाला फोनवर बोलणं होतं, तब्येत, नातवंडं, ऊन. सिनेमाचा विषय मी काढत नाही, तेही काढत नाहीत. पण मला ते आठवतात ते त्यांच्या दिल्लीतल्या शेवटच्या हिवाळ्यातले. सामानाची बांधाबांध सुरू होती, मी ताईंना मदत करायला वर गेले होते. टीव्ही चालू होता आणि अचानक तोच सिनेमा लागला. ताई हातातलं भांडं तसंच धरून खाली बसल्या. मीही बसले. भाऊजी खुर्चीतून उठले.

"पाणी भरून ठेवतो," म्हणाले. "नंतर नळ जाईल."

स्वयंपाकघरातून बादलीत पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. इकडे पडद्यावर पहाट झाली. मुलगी चपला हातात घेऊन आली. आणि काळ्याभोर केसांचे, तरुण, बारीक अंगाचे भाऊजी तिच्या पायांकडे बघत राहिले. खरंच छान बघितलं होतं हो त्यांनी. इतकी वर्षं आम्ही त्यांची नक्कल बघितली, हे बघणं कधी नीट बघितलंच नव्हतं.

"अहो, या ना," ताईंनी हाक मारली. "बघा तरी. उघडताय तुम्ही."

नळ आणखी मोठा झाला. बादली भरून पाणी बाहेर सांडत असल्याचं आम्हा दोघींनाही ऐकू येत होतं. ताई उठल्या नाहीत, मीही उठले नाही. मुलगी फाटकाबाहेर पडून धावत सुटली, रस्ता आला, जाहिरात लागली.

मग नळ बंद झाला. भाऊजी ओले हात पुसत दारात आले आणि टीव्हीकडे पाठ करून त्यांनी विचारलं, "गेली का ती?"