भाऊजींची गाडी थंड झाली

मोठ्या गाडीचं इंजिन तापतं. एवढं साधं वाक्य मी भाऊजींना इतक्यांदा ऐकवलं की आता ते माझ्या तोंडून झोपेतही निघत असेल. त्यांना ते कधी पटलं नाही. आपण घेतलेली वस्तू आपल्यालाच चटके देते म्हणजे नक्कीच कुणाचा तरी हलगर्जीपणा, असं त्यांचं मत. आणि हलगर्जी करणारा माणूस घरातच होता. गॅरेज माझं ना!

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर ट्रकचं वजन करायचा काटा आहे, तिथे ते नोकरीला. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, ट्रक लोखंडी फळीवर चढला की आकडा बघायचा आणि चिठ्ठी फाडून द्यायची. ऐकायला सोपं काम. पण भाऊजींनी त्याचं असं काही प्रस्थ करून ठेवलं होतं की ड्रायव्हर लोक त्यांना टरकून असत. सकाळी पहिला ट्रक चढायच्या आत रिकामा काटा शून्यावर आहे का, हे बघितल्याशिवाय ते चहालाही तोंड लावत नसत. कुणी वजनावरून हुज्जत घातली तर शांतपणे म्हणायचे, "मागे घे, परत चढव." आकडा तोच यायचा. हुज्जत संपायची.

निवृत्ती जवळ आल्यावर या माणसाने लांब पल्ल्याची मोटरसायकल घेतली. दोन सिलिंडरचं धूड, मागे सामानाच्या पेट्या, दोघांना ऐसपैस सीट. बेत एकच. ताईला मागे बसवून समुद्रापर्यंत जायचं. लग्नापासून दोघं जिथे गेले तिथे बसने गेले, आणि वाटेत ताईने "अय्या, इथे उतरायला हवं होतं" म्हटलं की बस पुढे निघून गेलेली असायची. आता ती म्हणेल तिथे थांबायचं, असं भाऊजींनी ठरवलं होतं. एवढं गोड बोलणं मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं.

पहिल्याच फेरीत सिग्नलला गाडी अडकली. असली गाडी पळत असली की वारा लागतो आणि निभावतं. उभी राहिली की मागच्या सिलिंडरची सगळी धग उजव्या मांडीवर, आणि सायलेन्सरच्या पाइपाची पोटरीवर. ताईच्या पॅन्टची कड पाइपाला चिकटून करपली. ती भर रहदारीत खाली उतरली आणि हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून चालत घरी आली.

"ही शेगडी थंड झाल्याशिवाय मी मागे बसायची नाही," तिने जाहीर केलं. आणि माझा छळ सुरू झाला.

आधी मी पाइपाला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली. नवी पट्टी पहिल्यांदा तापली की धुरकटते, हे आधी सांगूनही भाऊजी दुसऱ्या दिवशी दारात हजर.

"कारागीर, तुझी पट्टी नुसती वास मारते."

मला ते कारागीर म्हणतात. आदराने नव्हे.

"वास जाईल हो भाऊजी. एक-दोनदा तापू द्या."

"वास जाईल रे, पण चटका जाईल का?"

मग मी पाइपावर पत्र्याची ढाल बसवली, आतून चकचकीत अस्तर लावून. त्यावर "पोटरीचं मांडीला दिलंस," असा शेरा मिळाला. मग इंजिनचं तेल थंड करणारी जाळी, म्हणजे ऑइल कूलर. तो बसवायला मी दोन बोटं सोलून घेतली. इंजिनला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत होती, तेही ताप वाढवतं, म्हणून त्याचा मेळ नव्याने बसवला. दर वेळी धग थोडी उतरत होती. हे मी मनाचं सांगत नाही. लांबून तापमान दाखवणारं एक पिस्तुलासारखं यंत्र मी मुद्दाम आणलं होतं. ते पाइपावर रोखून आकडा भाऊजींच्या नाकासमोर धरला.

"तुझ्या पिस्तुलाला पाय आहे का?" ते म्हणाले. "माझ्या पोटरीला विचार."

"काट्यावर एखादा ड्रायव्हर असं म्हणाला तर ऐकून घ्याल?"

ताई फस्सकन हसली आणि भाऊजी चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पिस्तूल मी ड्रॉवरमध्ये फेकलं. माझं डोकं इतकं फिरलं होतं की एकदा ती गाडीच भंगारात घालावी आणि भाऊजींना बसचं तिकीट काढून द्यावं, असं वाटलं.

मध्येच नवीन खूळ निघालं. पायाला मुंग्या येतात, इंजिनची थरथर फार आहे. मी पाय ठेवायच्या दांड्यांना जाड रबर चढवलं. मुंग्या तशाच.

"जेवायला बसलो तरी येतात," भाऊजी म्हणाले. "एवढी थरथर अंगात मुरलीय बघ."

यावर मी कपाळाला हात लावला. आता माणसाच्या अंगातली थरथर कुठला पाना लावून काढायची?

घरी ताईची वेगळी कुरकुर. भाऊजी हल्ली एकच चप्पल घालून घरात येत. दुसरी फाटकापाशी पडलेली असायची आणि यांना पत्ताच नसायचा. "एक पाय बाहेर विसरलात," असं म्हणत ती चप्पल उचलून आणायची. त्यांच्या पॅन्टवर उजव्या बाजूला आतून तपकिरी डाग पडत, ते निघत नसत, आणि त्याचंही खापर माझ्यावर. "तुझ्या गॅरेजातलं तेल लागतं." भाऊजींना साखरेचा त्रास जुनाच, पण गोळ्या घ्यायच्या त्या ताईने हातावर ठेवल्या तर. "मला काही होत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. साखर आणि ही गाडी यांचा संबंध जोडायचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि यावं तरी कसं?

शेवटचा उपाय म्हणून मी टाकीखाली आणि सीटखाली उष्णतारोधक गादी घातली आणि वेगळ्या बटणावर चालणारा जादा पंखा बसवला. मनात म्हटलं, यानंतर मी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी आले. गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि चक्क हसले.

"जिंकलास, कारागीर! आख्खा बाजार गर्दीतून आलो. काही म्हणजे काही लागलं नाही. गार!"

इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेली ही पहिली शाबासकी. मला इतका आनंद झाला की समोरच्या पंक्चरवाल्यालाही मी चहा पाजला. ताईने रीतसर नवीन हेल्मेट घेतलं, स्वतःच्या डोक्याच्या मापाचं. पेट्यांमध्ये काय भरायचं यावरून दोघांची भांडणंही सुरू झाली. सुट्टी मंजूर झाली. येत्या रविवारी निघायचं ठरलं.

शुक्रवारी मी गाडी शेवटच्या तपासणीला घेतली. ब्रेक बघितले, चाकांत हवा भरली आणि एक चक्कर मारायला निघालो. रेल्वे फाटक बंद होतं. पुढेमागे गाड्या, मध्ये मी. पंखा चालू होता. थोड्याच वेळात माझी पोटरी अशी भाजली की मी पाय झटकून बाजूला धरला आणि शेजारचा सायकलवाला माझ्याकडे बघायला लागला.

गार? हिला हा माणूस गार म्हणतो? पहिल्यापेक्षा बरी होती, मान्य. पण पाय टेकवून बसावं अशी मुळीच नव्हती. माझ्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे भाऊजी खोटं बोलले. ताईने हो म्हणावं म्हणून त्यांनी चटके सोसले, तोंड मिटून बसले आणि वर मला शाबासकी देऊन गप्प केलं. आणि मी मूर्ख, लोकांना चहा पाजत बसलो! रविवारी भर उन्हात ताई मागे भाजून निघाली की परत कारागीरच वाईट. फाटक उघडताच मी गाडी सरळ काट्यावर नेली.

केबिनमध्ये भाऊजी चिठ्ठ्या फाडत होते. बाहेर ट्रकची रांग.

"खोटं कशाला बोललात?" मी दारातूनच ओरडलो.

"काय?"

"गाडी गार झाली म्हणून. माझी पोटरी भाजली आत्ता!"

भाऊजी उभे राहिले. त्यांना खोटारडं म्हणणारा माणूस त्या केबिनमध्ये आजवर उभा राहिला नसावा. चेहरा लालबुंद झाला. बाहेरच्या ट्रकने भोंगा वाजवला, त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"मी खोटं बोलतो? मी? रोज याच गाडीवरून येतो रे. भाजत असतं तर दिसलं नसतं? हे बघ!"

असं म्हणत त्यांनी खुर्चीवर पाय ठेवला आणि उजवी पॅन्ट सरसर गुडघ्यापर्यंत ओढली.

पोटरीच्या मागे आतल्या अंगाला, त्यांना स्वतःला वाकल्याशिवाय दिसणार नाही अशी, माझ्या तळहाताएवढी जखम होती. कातडी गेलेली, मध्ये ओली, कडेला काळपट. मोज्याची वरची पट्टी तिला चिकटून बसली होती.

भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत होते, विजयाने. माझा चेहरा बघून त्यांनी खाली बघितलं. मग वाकले. जखमेच्या कडेला बोट लावलं, मग जरा दाबून बघितलं.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं. ते खरंच विचारत होते.

बाहेर परत भोंगा वाजला.

मी त्यांना तसंच दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा पायावरून फिरवला. "कुठे लावलं सांगा." भाऊजी गुडघ्याजवळ सांगू शकले. त्याच्या खाली नाही. मग बोथट सुई. मग थंड लोखंड. भाऊजी डोळे मिटून वाट बघत राहिले, शेवटी म्हणाले, "लावा की. मी तयार आहे." बाईंचं तोवर सगळं लावून झालं होतं.

साखरेने नसा गेल्या होत्या. मुंग्या, चप्पल, पॅन्टवरचे डाग, सगळं त्याचंच. जखम भरेल, पण गेलेली जाणीव परत येईल अशी आशा धरू नका, असं त्या म्हणाल्या. आणि गाडी बंद. उजव्या पायाखाली मागचा ब्रेक असतो. तो दाबलाय की नाही हे ज्याला कळत नाही, त्याने मागे कुणाला बसवायचं नाही.

ताई आधी भाऊजींवर तुटून पडली, मग गोळ्यांवर, मग माझ्यावर, मग त्या नव्या हेल्मेटवर. हेल्मेट तिने कपाटात टाकलं आणि दार इतक्या जोरात लावलं की वरच्या फळीवरचा डबा खाली आला. मग जमिनीवर बसून रडली. मला वाईट वाटण्याच्या आधी रागच येत होता. कुणाचा, तेच कळत नव्हतं. मी ज्याला माझं यश समजलो होतो ते भाऊजींचं मेलेलं कातडं होतं.

जखमेवर खपली धरल्यावर एका दुपारी दोघं गॅरेजवर आले. ताईच्या हातात हेल्मेट नव्हतं.

"काढ सगळं," भाऊजी म्हणाले. "पट्टी, पत्रा, पंखा, गादी. आणली तेव्हा होती तशी कर."

"विकायचीय का?"

"काढ म्हटलं ना! मूळची केवढी तापते ते एकदा बघायचंय."

मी काढायला बसलो. भाऊजी स्टुलावर बसून एकेक स्क्रू डबीत टाकत होते. ऑइल कूलर काढताना माझी तीच दोन बोटं परत सोलली. सगळं उतरलं तेव्हा गाडी पहिल्या दिवशीसारखी उघडी दिसायला लागली. मी ती मधल्या स्टँडवर लावली, शटर पूर्ण वर केलं.

भाऊजी वर चढून बसले. पॅन्ट दुमडली. इंजिन सुरू केलं. मी काही बोलणार तेवढ्यात ताई पुढे आली, दांडीवर पाय देऊन मागच्या सीटवर चढली आणि वाकून तिने आपला तळहात त्यांची पोटरी आणि पाइप यांच्यामध्ये धरला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

गाडी जागच्या जागी धडधडत होती. भाऊजी समोर भिंतीकडे बघत होते, काट्यावर आकडा स्थिर व्हायची वाट बघत असत तसे.

"तापली का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

थोडा वेळ गेला. मला उभ्या जागी धग लागायला लागली. ताईचा चेहरा आक्रसला.

"आता भाजतंय," ती म्हणाली. "पाय काढा."

भाऊजींनी खाली वाकून पाय कुठे आहे ते बघितलं, आणि मग काढला.