बावीस खोक्यांची नोंद

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. बरेच गुन्हे आणि बरेच चेहरे पुसट झाले. पण अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतली ती एक घटना अजून मनातून जात नाही, कारण त्या तपासात मी जसा वागलो ते मला आजही टोचतं.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. एका सकाळी ठाणे अंमलदाराने फोन घेतला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. वसाहतीतल्या एका कारखान्यातून पितळी व्हॉल्व्ह बाहेर जात आहेत, भंगाराच्या टेम्पोतून जातात, आणि नवीन सिस्टीम बघणाऱ्या बाईंना विचारा, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि मला कळवलं.

मी कारखान्यात गेलो तेव्हा मालक आधीच हैराण बसले होते. उल्हासनगरचे सिंधी गृहस्थ, साठीच्या आसपासचे.

"साहेब, बावीस बॉक्स माल दिसत नाय," ते म्हणाले. "सिस्टीम बोलते स्टोअरमधून गेला. प्रॉडक्शनवाले बोलतात, आमच्याकडे आला नाय. गेटवाला बोलतो, बाहेर गेला नाय. मग गेला किधर? या हप्त्यात पार्टीला द्यायचाय."

त्यांच्याकडे तोवर प्रत्येक खात्याचं वेगळं सॉफ्टवेअर होतं. खरेदीचं एक, स्टोअरचं एक, माल पाठवण्याचं तिसरं, आणि उत्पादनाचा हिशेब एक्सेलमध्ये. एका खात्याचं दुसऱ्याला कळत नसे. दोन महिन्यांपूर्वी ते सगळं बंद करून एकच जोडलेली सिस्टीम आणली होती. ती बसवण्याचं काम मालकांनी उत्पादन नियोजनातल्या एका तिशीच्या मुलीकडे दिलं होतं. बावीस खोकी स्टोअरमधून काढल्याची नोंद तिच्याच लॉगिनमधून झाली होती.

मी तिला त्याच दुपारी ठाण्यात बोलावलं. ती वडिलांना घेऊन आली. ते बाहेर बाकावर बसले. आमची महिला शिपाई जबाबाच्या वेळी हजर होती.

"ही एन्ट्री तुमच्या लॉगिनमधून झालीय?"

"लॉगिन माझंच आहे, साहेब. एन्ट्री मी केलेली नाही."

"लॉगिन तुमचं आणि एन्ट्री दुसऱ्याची, असं कसं?"

"सिस्टीममध्ये कुठल्या मशीनवरून काम झालं तेही राहतं. ते एकदा बघाल का?"

"तपास कसा करायचा ते आम्हाला शिकवू नका," मी म्हणालो.

हातातली पाण्याची बाटली तिने इतकी घट्ट धरली होती की प्लॅस्टिक दबून आवाज करत होतं.

तिच्यावर मी इतका का चिडलो होतो, ते सांगायला हवं. त्याच सुमारास आमच्या ठाण्यातही सगळं संगणकावर आलं होतं. त्याआधी वरिष्ठांना जुना गुन्हा, जुना आरोपी शोधायचा असला की ते म्हणायचे, "त्याला बोलवा, त्याच्या डोक्यात सगळं आहे." तो 'त्याला' म्हणजे मी. मला त्याचा अभिमान होता. आता साहेब त्या महिला शिपायाला बोलवत. ती दोन मिनिटांत पाच ठाण्यांचं रेकॉर्ड काढून देई. साहेब तिचं कौतुक करायचे तेव्हा मी फायलीत डोकं घालून बसायचो. तिने मला काही विचारलं तर मुद्दाम उशिरा उत्तर द्यायचो. ती माझ्याशी नेहमी अदबीनेच वागली, आणि त्याचाही मला राग यायचा. त्या दिवशी समोर बसलेल्या मुलीच्या तोंडून 'सिस्टीम' हा शब्द ऐकला आणि तो सगळा राग तिच्यावर निघाला.

मी तिच्या घराची झडती घ्यायचं ठरवलं. ती सोनिवलीच्या एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये आईवडिलांसोबत राहायची. पंच म्हणून त्याच इमारतीतले दोन रहिवासी घेतले. आम्ही जिना चढत असताना प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती. घरात काहीच मिळालं नाही. तिच्या आईने आम्हाला पाणी विचारलं. पंचनाम्यावर सह्या घेऊन आम्ही उतरलो तेव्हा खाली पार्किंगमध्ये पंधरा-वीस माणसं उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला शिपाई माझ्या टेबलाशी आली.

"सर, ती मशीनचं म्हणत होती ना. एकदा बघायला काय हरकत आहे? मी शेठना फोन करून कळवते, काढून देतील ते."

नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. तासाभरात उत्तर आलं. नोंद झाली होती ती स्टोअरमधल्या संगणकावरून, दुपारी सव्वातीनला. त्या वेळी ती मुलगी मालकांच्या केबिनमध्ये ग्राहकांसोबत मीटिंगला बसली होती. मालकांनी स्वतः तसं सांगितलं.

मी स्टोअरमध्ये गेलो. स्टोअर मॅनेजर पंचावन्नच्या पुढचे, मांजर्लीत राहणारे, नीट इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला. त्यांच्या टेबलावर दोन संगणक होते. एक नवा. दुसरा जुना, त्यावर शिवून घेतलेलं कव्हर.

"हा बंद केलाय ना?" मी विचारलं.

"हो, दोन महिने झाले. नेतील कधीतरी."

मी कव्हर काढलं. दोन महिने बंद असलेल्या कीबोर्डवर धुळीचा कण नव्हता. मी तो चालू करायला सांगितलं. ते जागचे हलले नाहीत. शेवटी स्टोअरच्या हेल्परने बटण दाबलं.

जुनं सॉफ्टवेअर उघडलं. आदल्या दिवसापर्यंतची प्रत्येक हालचाल त्यात टिपलेली होती. सगळ्या कारखान्याने सोडलेलं सॉफ्टवेअर हा माणूस एकटा चालवत होता. आणि त्यात, नव्या सिस्टीममधल्या त्या नोंदीच्याच तारखेला, एक ओळ होती: पितळी व्हॉल्व्ह, बावीस खोकी, जुनी शेड, सातवा रॅक, पत्र्यांच्या मागे.

पंच बोलावून आम्ही शेडमध्ये गेलो. खोकी तिथेच होती, एकावर एक नीट रचलेली, लेबलं बाहेरच्या बाजूला. पंचनामा करून स्टोअर मॅनेजरांना ठाण्यात आणलं. फार विचारावं लागलं नाही. फोनही त्यांनीच केला होता.

"लपवलात ते कळलं," मी म्हणालो. "पण लिहिलंत कशाला?"

"माल हलला की नोंद करायची, साहेब. इतकी वर्षं तेच केलं. नोंद न करता हलवला असता तर मलाच चैन पडलं नसतं."

"आणि तिचं लॉगिन?"

"मला शिकवायला ती रोज माझ्या मशीनवर बसायची. त्या दिवशी मीटिंगला बोलावलं म्हणून तशीच उठून गेली." मग ते म्हणाले, "शेठ सकाळी आले की आधी माझ्याकडे यायचे. उभ्या उभ्या विचारायचे, अमुक माल किती? मी न बघता सांगायचो. आता मोबाइलवर बघत बघत सरळ वर जातात. ती मला कधी उलट शब्द बोलली नाही. उलटं बोलली असती तर बरं झालं असतं. मला फक्त तिची सिस्टीम चुकते हे दिसायला हवं होतं. मग शेठ मला विचारायला आले असते. वाटलं, पोलीस कारखान्यात येऊन तिची सिस्टीम तपासतील. तिच्या घरी जातील, हे माझ्या डोक्यात नव्हतं."

मी मान खाली घालून जबाब लिहीत राहिलो. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

माल कारखान्याबाहेर गेलाच नव्हता, त्यामुळे मालकांना प्रकरण पुढे वाढवायचं नव्हतं. पण स्टोअर मॅनेजरांनी खोटी माहिती देऊन पोलिसांकरवी एका निरपराध मुलीला त्रास दिला होता. ते सोडता येत नव्हतं. कायदेशीर कारवाई झाली आणि त्यांची नोकरी गेली.

मी त्या मुलीला ठाण्यात बोलावून सांगितलं की तिच्यावर काहीही नाही. तिला आनंद झालेला दिसला नाही.

"साहेब, तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांसमोर आला होतात," ती म्हणाली. "आता हे इथे, चार भिंतींत सांगताय."

दुसऱ्या दिवशी मी गणवेशात सोनिवलीला गेलो. तेच दोन पंच आणि सोसायटीचे चेअरमन यांना पार्किंगमध्ये बोलावलं. तिचा गुन्ह्याशी काही संबंध नाही आणि आमची चूक झाली, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. तिचे वडील गॅलरीत उभे होते. ते खाली आले नाहीत.

ती मुलगी त्याच कारखान्यात राहिली. पुढे एकदा मालक भेटले तेव्हा कळलं, स्टोअर मॅनेजरांच्या जुन्या संगणकातली सगळी माहिती तिने नव्या सिस्टीममध्ये घेतली. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे, हे फक्त त्यांच्याकडेच लिहिलेलं होतं. "ती बोलली, काम त्यांचं चांगलं होतं, ते फेकायचं नाय," मालक म्हणाले.

पोलीस खात्यात माणसाचा हेतू शोधताना आपण पैसा बघतो, वैर बघतो, भानगड बघतो. आपली जागा दुसऱ्याने घेतली एवढ्यानेही सरळमार्गी माणूस कुठवर जातो, हे मला त्या तपासात कळलं. मी त्या स्टोअर मॅनेजरांपासून फार लांब नव्हतो. मी माल लपवला नाही, पण एका मुलीचं म्हणणं ऐकायचं टाळलं आणि तिच्या घरी पोलीस घेऊन गेलो.

त्या तपासाबद्दल मला वरिष्ठांकडून प्रशस्तिपत्र मिळालं. परेडनंतर ते वाचून दाखवलं गेलं तेव्हा रांगेतून टाळ्या वाजवणाऱ्यांत आमची महिला शिपाईही होती. अहवाल मी लिहिला होता. मशीन बघण्याची कल्पना कोणाची, ते मी त्यात लिहिलं नव्हतं. नंतरही कधी कोणाला सांगितलं नाही, तिलाही नाही. आज लिहितो. ते काम तिचं होतं.